समोरच्या खिडकीतला टीव्ही

सोसायटीचे अध्यक्ष आबासाहेब घोरपडे यांनी भिंतभर टीव्ही घेतला आणि समोरच्या इमारतीतल्या दिगंबर खामकरच्या पोटात दुखायला लागलं. त्याच्या खिडकीतून घोरपड्यांचा हॉल सरळ दिसायचा. मॅच लागली की त्याला इथून चेंडूची शिवणसुद्धा दिसे आणि घास गोड लागत नसे.

"आपण त्याहून मोठा आणू," तो बायकोला म्हणाला. "तुझं शिलाई मशीन हलवलं की भिंत मोकळी होईल."

सुलोचना दिवसभर त्या मशीनवर लोकांचे कपडे शिवायची. ती त्याच्याबरोबर दुकानात जाऊन टीव्ही बघून आली.

रविवारी आबासाहेबांनी शेजाऱ्यांना चहाला बोलावलं. त्या चिंचोळ्या हॉलमध्ये सगळे टीव्हीला नाक लावून, माना इकडून तिकडे फिरवत बसले.

"काय खामकर," आबासाहेब मोठ्याने म्हणाले, "घेताय की जन्मभर आमच्याच खिडकीत डोकावणार?"

सगळे हसले. दिगंबरचे कान तापले.

सुलोचनाने कप खाली ठेवला. "दुकानदार म्हणाला, एवढा टीव्ही लांबूनच बघायचा, नाहीतर मान धरते. लांबून म्हणजे कुठून, ते आम्ही घरी येऊन बघितलं, तर नेमका आमचा सोफा आला! म्हणून आम्ही तुमचाच पसंत केलाय, आबासाहेब. फक्त रात्रीच्या मालिकेला आवाज जरा वाढवत जा."

या वेळी आबासाहेब सोडून सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी घोरपडेवहिनी खिडकीच्या पडद्यासाठी जाड कापड घेऊन आल्या. शिवायला अर्थात सुलोचनाकडेच.