देव हॅलो म्हणत नाही

सांगा मंडळी, विश्वास कुणावर ठेवाल, साहेबाच्या आकड्यांवर की आईच्या कानांवर?

आमच्या बंदरावरचा मोबाइल टॉवर बंद करायला फोन कंपनीचे एक साहेब आले. माझ्या दुकानात बसून कॉलच्या आकड्यांचा कागद दाखवत ऐटीत म्हणाले, “इथे नुसते मिस्ड कॉल येतात. मिस्ड कॉल म्हणजे न झालेला कॉल!”

शेजारी सगुणाकाकी बसली होती. तिचा मुलगा दूर गुजरातेत मासेमारीच्या बोटीवर. बोट सुखरूप किनाऱ्याला लागली की तो फक्त रिंग द्यायचा. काकी फोन उचलायची नाही. डोळे मिटून रिंग संपेपर्यंत ऐकत राहायची.

ती म्हणाली, “साहेबा, मघाशी देवळात घंटा वाजवलीस. देव काही हॅलो म्हणाला नाही. मग तुझा नमस्कार पोचलाच नाही, असं लिहू का?”

साहेबांनी कागदावरचा ‘टॉवर बंद करा’ हा शेरा खोडला. टॉवर राहिला.

बाबांनो, हिशेब प्रामाणिकपणे ठेवा; कुणाचं वाट पाहणं त्यातून वगळू नका.