देवडीवरची चंद्राक्का

एका माळावर मुंग्यांचे एक वारूळ होते आणि त्यातली प्रत्येक खोली दुसरीला जोडलेली होती. बाहेरून आणलेली वस्तू आधी दाराजवळच्या देवडीत ठेवायची, पहारेकरीण चंद्राक्काने ती हुंगून पाहायची आणि मगच आत न्यायची, असा तिथला नियम होता.

कामकरी मुंग्यांना तो जाच वाटे. वेणू त्यांच्यातली सर्वांत उद्योगी. पिल्लांना भरवता भरवता तिचा जीव मेटाकुटीला येई. एकदा तिला गवतात एक हिरवी अळी भेटली. पाठ चोळली की अळीच्या अंगातून गोड थेंब सुटे.

"मला आत ने," अळी म्हणाली. "चाऱ्यासाठी हिंडायलाच नको. मोबदला काही मागत नाही."

वेणूने तिला देवडीत आणले. चंद्राक्का बराच वेळ हुंगत राहिली.

"वास आपल्यासारखा आहे, पण अंग आपलं नाही," ती म्हणाली. "ही आत जाणार नाही."

"अक्का, तुम्हाला आमचे कष्ट दिसत नाहीत," वेणू म्हणाली. तिने आपल्या खोलीच्या भिंतीला बाहेरून भोक पाडले आणि अळीला आत घेतले.

थोडे दिवस सुखाचे गेले. शेजारणीही थेंब चाटायला येऊ लागल्या. मग एका सकाळी शेजारच्या खोलीतली अंडी दिसेनात. अळी दुप्पट फुगली होती आणि पुढच्या खोलीकडे सरकत होती.

वेणू धावतच देवडीवर गेली. "अक्का, मीच आणली तिला."

चंद्राक्का लगेच आत धावली. तिने पुढच्या खोलीची वाट मातीने बुजवून घेतली आणि स्वतः मात्र अळीच्या बाजूला राहिली. तिचा एक पाय अळीखाली चिरडला, तरी बाकीच्या येईपर्यंत तिने अळीला हलू दिले नाही. सगळ्यांनी मिळून अळीला बाहेर ढकलले आणि भोक लिंपून टाकले.

वेणू रोज येऊन चंद्राक्काचा दुखरा पाय चाटून स्वच्छ करू लागली.

पुढे वाचलेल्या अंड्यांतून मुंग्या निघाल्या. त्यांतली एक पहिलाच दाणा घेऊन परतली, तेव्हा चंद्राक्काने तिला अडवले.

"अजून किती थांबायचं?" ती कुरकुरली.

मागे उभ्या असलेल्या वेणूने आपला दाणाही खाली ठेवला. "अक्कांना निवांत बघू दे."

चंद्राक्का लंगडत पुढे आली आणि दाण्यावर वाकली. मागची रांग गवतापर्यंत गेली होती. कोणीही पुढे घुसले नाही.