बाळंतिणीची खोली आणि थंडीचा वारा

फार पूर्वीची गोष्ट आहे, वारासुद्धा माणसांशी बोलायचा तेव्हाची. डोंगराखालच्या एका गावात त्या वर्षी अशी थंडी पडली, की रांजणातल्या पाण्यात हात घालवत नव्हता आणि खोबरेल तेल वाटीतच थिजून बसायचं.

त्या गावात सगुणा नावाची म्हातारी राहायची. तिची सून साळू नुकतीच बाळंत झाली होती. सगुणाचा मुलगा बाळंतिणीसाठी डिंक आणायला दूरच्या बाजाराला गेलेला. घरात सासू, सून आणि तान्ही नात, एवढीच माणसं.

आदल्याच आठवड्यात शेजारचं लेकरू थंडीने दगावलं होतं. तेव्हापासून सगुणाच्या उरात धडकी भरली होती. माणूस घाबरला, की त्याचे हात फार कामसू होतात. तिने बाळंतिणीच्या खोलीचा झरोका गोधडीने बुजवला. कौलांखालची भोकं शेणामातीने लिंपली. बाजेखाली निखाऱ्यांनी भरलेली शेगडी सरकवली, दार ओढून घेतलं, त्याच्या फटींत चिंध्या कोंबल्या आणि बाहेर ओसरीवर राखण करत बसली.

दुपार कलली तसा वारा ओसरीवर आला. त्याने दाराची कडी वाजवली.

"म्हातारे, मला थोडं आत सोड."

सगुणा दाराला पाठ लावून उभी राहिली. "मेल्या, शेजारचं लेकरू नेलंस, आता माझ्या नातीवर डोळा? चालता हो!"

"आत माझी गरज आहे गं," वारा म्हणाला. तिने कानांत बोटं घातली.

थोड्या वेळाने आतून साळूचा आवाज आला. "आत्याबाई, डोकं फुटायला लागलंय माझं. मळमळतंय. जरा दार उघडं ठेवता का?"

"थंडी बाधली बघ तुला!" म्हातारी घाबरून म्हणाली. ती लगबगीने आत गेली, शेगडीत आणखी निखारे घातले आणि पुन्हा दार लावून चिंध्या कोंबल्या.

मग नातीचं रडणं थांबलं. "झोपली गं माझी बाय," म्हणत म्हातारीने सुस्कारा सोडला. पण सुनेचीही चाहूल लागेना.

"साळू? अगं ए साळू!"

म्हातारीने दाराला कान लावला. दार उघडावं तर बाहेर वारा उभा, न उघडावं तर आत ही शांतता. तिने कडी धरली, सोडली, पुन्हा धरली.

"मला घाबर हवं तर," वारा हळूच म्हणाला, "पण आता उघड."

तिने डोळे मिटून दार ढकललं. निखाऱ्यांनी कोंदलेली गरम, जड हवा तिच्या तोंडावर आली. तिच्या पदराला धक्का देत वारा आत घुसला. म्हातारीने झरोक्यातली गोधडी उपसली, शेगडी अंगणात भिरकावली आणि नातीला उचललं. लेकरू हातात लुळं पडलं होतं. त्याला छातीशी धरून ती ओसरीवर धावली आणि ज्याला इतका वेळ शिव्या घातल्या, त्याच्याचपुढे रडू लागली. "श्वास दे रे हिला. हवा तर माझा घे."

किती वेळ गेला कोण जाणे. नातीचे ओठ हलले आणि तिने बारीक टाहो फोडला. साळूला शुद्धीवर यायला मात्र दिवेलागण झाली. "बाळ कुठाय?" तिने डोळे उघडताच विचारलं. म्हातारीने नात तिच्या कुशीत ठेवली, पण सुनेच्या डोळ्यांकडे तिला पाहवेना.

बोध: भीतीच्या भरात केलेली राखण, ज्याला जपायचं त्याचाच जीव कोंडते.