पोस्टमनची खापरी

"म्हणजे मुद्दाम दुखवून घ्यायचं?"

विचारताना ढाणे पोस्टमन हसत होते.

"दुखंपर्यंत चालायचं," हौसाक्का म्हणाल्या. "कळ आली की बसायचं. गेली की उठायचं."

"आणि पुन्हा आली तर?"

"येणारच की."

वडूजला दवाखान्यामागच्या मैदानावर सकाळी सातला आम्ही नऊजण जमतो. आजार सगळ्यांचा एकच. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. कळ येईपर्यंत चाललं तरच पायात रक्ताला नव्या वाटा फुटतात, म्हणून डॉक्टरांनी आम्हाला हौसाक्कांच्या हवाली केलं आहे. सहा वर्षांपूर्वी त्या स्वतः एकतिसाव्या पावलाला बसत. आता मैदानाची अख्खी फेरी मारून बसतात.

दवाखान्याचा रांजण फुटला तेव्हा आक्कांनी त्याच्या खापऱ्या जपून ठेवल्या. प्रत्येकाला एक, वर पांढऱ्या रंगात नाव. पहिली कळ जिथं बसवील तिथं वाटेच्या कडेला खापरी ठेवायची. पुढं कधी ती ओलांडून गेलं, तर उचलून पुढं ठेवायची.

आक्कांनी पोस्टमनना त्यांची खापरी दिली.

"बत्तीस वर्षं पाच गावांचं टपाल पायी वाटलंय, आक्का. मला चालायला शिकवणार?"

"बसता येतं का?"

"बसायला काय शिकायचं?"

आक्का चालू लागल्या.

त्या दिवशी पोस्टमन पूर्ण फेरी मारून आले. खापरी खिशातच होती.

"एकदाही दुखलं नाही!"

मी त्यांच्या मागेच चालत होतो. लिंबापाशी त्यांनी लसीकरणाची पाटी वाचली. नळापाशी चपलेचा पट्टा ओढला. पुढं युनूसभाईंना गाठून त्यांच्या शेळीची चौकशी केली. मग हळूहळू, पाय जपत, पुढं.

असं आठ आठवडे चाललं.

"पोस्टमन," युनूसभाई एकदा म्हणाले, "रोज शेळीला विचारताय. तिच्या नावचं पत्र बित्र आलंय का?"

सगळे हसले. पोस्टमनही हसले, पण चपलेकडं बघत.

नवव्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना आपल्याबरोबर भराभर चालवून बघितलं. सत्तराव्या पावलाला पोस्टमननी भिंत धरली. पहिल्या तपासणीतही सत्तरच पावलं होती. अजून एक महिना बघू, डॉक्टर म्हणाले, नाहीतर ऑपरेशनचा विचार करावा लागेल.

दुसऱ्या दिवशी ते मैदानावर आले तेव्हा हसत नव्हते.

"आक्का, तुमच्या चालण्यानं माझा पाय काही वाचत नाही."

"खापरी बघू."

त्यांनी खिशातून काढून दिली. नाव काल रंगवल्यासारखं होतं. आमच्या खापऱ्यांवरची नावं दवानं आणि मातीनं कधीच फिकी पडली होती.

आक्का ती उलटसुलट करून बघत राहिल्या.

"ह्या रस्त्यानं माझ्या पाचही गावांची माणसं जातात," पोस्टमन कुंपणापलीकडं बघत हळू आवाजात म्हणाले. "वाटेत बसलेला ढाणे अजून कुणी बघितलेला नाही."

आक्कांनी त्यांना फाटकाजवळ नेलं. एकतीस पावलांवर, गवतात, एक काळी पडलेली खापरी होती. नाव पुसून गेलं होतं.

"कुणाची?"

"माझी. पहिली. ही इथंच ठेवली, पुढं न्यायला दुसरी घेतली."



आक्कांनी त्यांची खापरी त्यांच्या हातात परत दिली. "पूर्वी तार घेऊन निघायचा, तसं चाला."

पोस्टमन फाटकापासून निघाले. तसं चालताना आम्ही त्यांना कधी बघितलं नव्हतं. खांदे सरळ, नजर समोर. लिंबाच्या थोडं अलीकडं त्यांचा चेहरा बदलला. मान पाटीकडं वळली. हात चपलेकडं गेला...

रस्त्यावरून दूधवाल्याची मोटारसायकल येत होती. त्यानं कुंपणापाशी वेग कमी केला.

"काय पोस्टमन? चप्पल तुटली का?"

पोस्टमन वाकलेलेच राहिले. आम्ही सगळे थांबलो होतो.

"नाही रे," ते म्हणाले. "पाय दुखतोय."

"बसा मग जरा," दूधवाला म्हणाला आणि गेला.

पोस्टमन खाली बसले. तिथंच, वाटेच्या कडेला, मातीत. बराच वेळ पोटरी चोळत राहिले. खापरी मुठीत घट्ट होती.

आक्का शेजारी येऊन बसल्या.

"सदुसष्ट पावलं झाली," पोस्टमन म्हणाले. "आक्का, खरं सांगा... ही पुढं सरकंल का?"

"हातातली न्हाई सरकत."