गार होईपर्यंत

भिंगं बोलत असत, आणि गरजेपेक्षा जरा जास्तच बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. परदेशी भट्टीत शिकून आलेल्या काचेच्या चकतीला वाटलं होतं, आपल्याला पैलू पाडायला हिरेमाणकं हजर असतील. समोर आली घासायची डांबराची काळी थाळी आणि चकाकी आणणारा वाटीभर लाल चिखल.

"मी दुर्बिणीत बसून गावाला शनीची कडी दाखवणार आहे," चकतीने जाहीर केलं.

"दाखव हो बाई. आधी बूड टेकव," म्हणत डांबरमावशीने तिला घासायला घेतलं.

संध्याकाळपर्यंत चकती लखलखली. तपासणीची काच तिच्यावर बसली, तेव्हा दोघींमध्ये रंगीत वलयं उमटली. ती अगदी गोल होती, म्हणजे आकार बिनचूक. टाळ्या पडल्या. चकतीने भाषण ठोकलं. ते संपेना, तेव्हा दिवाच कंटाळून विझला.

सकाळी कापसाची पेटी चकतीला दुर्बिणीकडे न्यायला आली. चकतीने मिरवायला म्हणून वलयं पुन्हा पाहिली, तर ती वेडीवाकडी! कालची गोलाई घासून तापलेल्या अंगाची होती. अंग निवलं, गोलाई गेली.

"मी नाही कुणाला सांगणार," तपासणीची काच कुजबुजली. "निकाल कालच लागलाय."

"आणि शनी?"

"तो काय तक्रार करायला येतोय?"

पेटी खाकरली, "निघायचं ना, ताईसाहेब?"

चकतीने कापसाकडे एकदा पाहिलं आणि ती थाळीवर पालथी पडली.

"घास, मावशी. आणि मी गार होण्याआधी कुणी टाळ्या वाजवल्या, तर याद राखा!"