पांडुकर्णाच्या पराजयाची पैज

पूर्वी अश्मक देशात, गोदावरीच्या काठी वसलेल्या पोतन नगरात सुतेज नावाचा राजा राज्य करीत होता. त्याच्या राज्याभिषेकाचे अकरावे वर्ष चालू होते. महिना कार्तिक होता आणि शरद ऋतू सरत आला होता. त्या वेळी बोधिसत्त्व राजाच्या अश्वशाळेत सिंधुदेशीय घोड्याच्या योनीत जन्मास आलेला होता. त्याचे अंग राखेच्या रंगाचे आणि कान शुभ्र असल्यामुळे लोक त्याला पांडुकर्ण म्हणत.

प्रतिवर्षी कार्तिकी पौर्णिमेस त्या नगरात घोड्यांची शर्यत होई. राजवाड्यापुढील मैदानातून निघून नदीजवळच्या दगडी खांबाला वळसा घालायचा आणि पुन्हा मैदानात यायचे, असा तिचा मार्ग होता. खांबापाशी वाट अरुंद होती; तिच्या एका बाजूस मातीचा बांध होता व दुसऱ्या बाजूस घाटाच्या पायऱ्या. शर्यतीवर पैजा लागत. पूर्वी लोक केवळ जयाची पैज लावीत, म्हणजे अमुक घोडा पहिला येईल असे सांगून द्रव्य ठेवीत. पुढे व्यापाऱ्यांनी पराजयाची पैज सुरू केली. अमुक घोडा पहिला येणार नाही, असे सांगूनही द्रव्य ठेवता येऊ लागले. दोहोंतून राजकोशाला वाटा मिळत असल्यामुळे राजाने हरकत घेतली नाही.

तेव्हापासून त्या नगरात भय शिरले. ज्याने जयाची पैज लावली तो घोड्यासाठी हिरवा चारा घेऊन येई; ज्याने पराजयाची लावली तो घोड्याच्या खुरांकडे पाही. एके वर्षी एका घोडीच्या खुरात लोखंडी सुई सापडली. दुसऱ्या वर्षी एक उमदा घोडा पाणी पिऊन उभ्याउभ्या कोसळला. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार आपल्या भावांनासुद्धा अश्वशाळेत येऊ देईनासे झाले. घोड्याच्या मानेवरून कोणी प्रेमाने हात फिरवला, तरी दहा जण त्या हाताकडे संशयाने पाहू लागले.

कोणी स्वारास फितवू नये म्हणून राजाने एक रीत घालून दिली होती. शर्यतीच्या सकाळी सर्व स्वारांची नावे कोरलेल्या बांबूच्या शलाका एका घड्यात टाकीत. राजमाता एकेका घोड्यासाठी एकेक शलाका काढी, आणि ज्याचे नाव निघेल त्याने त्या घोड्यावर बसायचे, असे ठरलेले होते. कोणत्या घोड्यावर कोण बसणार हे तोपर्यंत कोणालाच कळत नसे. शिवाय, ज्याने पराजयाची पैज लावली असेल त्याने त्या सकाळी मैदानाच्या कडेला बांधलेल्या दोराच्या पलीकडे उभे राहावे, घोड्याच्या जवळपासही फिरकू नये, असा दंडक होता.

आणखीही एक नियम होता. सलग पाच वर्षे अजिंक्य राहिलेल्या घोड्याचा लगाम कायमचा उतरवून त्याला नदीकाठच्या कुरणात मोकळे सोडीत. याउलट, जो घोडा शर्यतीत धावण्याचे नाकारी, त्याने राजाचा अवमान केला असे समजून त्याला चुनाभट्टीवर ओझी वाहण्यास पाठवीत. पांडुकर्णाने चार शर्यती जिंकल्या होत्या. ही पाचवी होती.

राजाच्या साजशाळेचा प्रमुख नंदिसेन नावाचा गृहस्थ होता. खोगीर, तंग, लगाम असा सर्व साज त्याच्या देखरेखीखाली तयार होई. तो वृत्तीने क्रूर नव्हता. परंतु आपण केलेल्या साजावर घोडे धावतात आणि श्रीमंत मात्र दुसरेच होतात, हे शल्य त्याच्या मनात घर करून बसले होते. सगळे नगर पांडुकर्णाच्या जयावर पैज लावीत असल्याने, त्याच्या पराजयावर जो लावील त्याला अनेक पटींनी लाभ होणार होता. नंदिसेनाने विचार केला, की विजय कोणालाही घडवून आणता येत नाही. पराजय मात्र आणता येतो. त्याने आपले राहते घर आणि नदीकाठचे शेत पांडुकर्णाच्या पराजयावर लावले.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, सर्व कारागीर जेवायला गेले असता, त्याने पांडुकर्णाचा तंग हातात घेतला. घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळून धरणारा हा पट्टा कातड्याच्या दोन पदरांचा होता. त्याने आतला पदर सुरीने कापला आणि बाहेरचा पदर तसाच ठेवून शिवण पूर्ववत घातली. भरधाव वेगात, वळणाचा ताण पडताच, तो तुटणार होता. स्वार पडतात आणि धूळ झटकून उठतात, अशी त्याने मनाची समजूत घातली. परंतु पांडुकर्ण नेहमी सर्वांच्या पुढे असतो, त्याच्यावरून पडलेल्या माणसावरून मागचे सहा घोडे जाणार, आणि खांबापाशी बाजूला सरकायला जागा नाही, हे त्यास ठाऊक होते. त्याने तो विचार मनात पुरा होऊ दिला नाही.

नंदिसेनाला रेवा नावाची एकुलती एक कन्या होती. तिचा पती चित्ररथ हा राजाच्या सात स्वारांपैकी एक होता. सात घोडे आणि सात स्वार असताना नेमकी त्याचीच शलाका पांडुकर्णासाठी कशी निघेल, असे नंदिसेनाने स्वतःस विचारले, आणि निघणार नाही असे स्वतःच उत्तर दिले. ही त्याची दुसरी पैज होती. ती त्याने कोणालाही न सांगता लावली होती.

पौर्णिमेच्या सकाळी राजमातेने घड्यात हात घातला आणि पांडुकर्णासाठी पहिली शलाका काढली. भाटाने नाव वाचले. ते चित्ररथाचे होते.

लोकांनी टाळ्या वाजविल्या. दोरापलीकडे उभ्या असलेल्या नंदिसेनाने दोर घट्ट धरला. रेवा मैदानातून धावत येऊन त्याच्याजवळ उभी राहिली. तिला पाचवा महिना लागला होता, आणि आनंदाने तिचा चेहरा फुलला होता. आपल्या पित्याने कोणती पैज लावली आहे हे तिला ठाऊक होते. त्यावरून घरात चार दिवस थट्टा चालली होती. आता बाबांचे शेतही गेले आणि घरही गेले, असे म्हणून ती हसू लागली. आम्ही दोघे तुम्हाला आमच्या घरी ठेवून घेऊ, फक्त सकाळी गाईची धार तुम्ही काढायची, असेही ती म्हणाली.

चित्ररथ घोडा घेऊन दोराजवळून चालला होता. तो थांबला आणि सासऱ्याला नमस्कार करून म्हणाला, "मामंजी, जावयाच्या हरण्यावर घर लावलेत. रात्री मला जेवायला तरी वाढाल ना?"

आजूबाजूचे लोक हसले. राजाच्या साजास जो अपाय करील त्याला सुळावर चढवावे, असा कायदा होता, आणि ऐकायला शंभर माणसे उभी होती. नंदिसेन एवढेच म्हणाला, "तंग एकदा नीट पाहून घे."

"तंग तुमच्या साजशाळेतला," चित्ररथ म्हणाला. "तुमच्या हातचा तंग आजवर कधी तुटला आहे का?"

असे म्हणून त्याने तंग आवळला. बाहेरचा पदर नवा आणि तकतकीत होता. त्याने त्यावर थाप मारली आणि तो घोड्यावर बसला.

बोधिसत्त्वाने श्वास भरून घेतला. घोड्याला आपला तंग पोटाच्या कातडीने कळतो. छाती फुगताच डाव्या बाजूला काहीतरी तंतूतंतूने सैल होत असल्याचे त्याला जाणवले. त्याने मान वळवून दोरापलीकडे पाहिले, तेव्हा नंदिसेनाच्या अंगाला भयाचा वास येत होता. सुईच्या वेळी, विषारी पाण्याच्या वेळी अश्वशाळेभोवती जो वास दरवळे, तोच हा होता. बोधिसत्त्वाला सर्व काही कळून चुकले.

त्याने विचार केला, 'मी येथे मनुष्यवाणीने बोललो तर ज्याने हे केले तो सुळावर जाईल. मी धावलो तर खांबापाशी हा तरुण पडेल आणि सहा घोड्यांच्या टापांखाली सापडेल. त्याबरोबर त्याच्या पत्नीचे व येणाऱ्या मुलाचेही सुख जाईल. मी धावलो नाही, तर मला कुरण मिळणार नाही, चुनाभट्टी मिळेल; आणि ज्याने हे केले तोच पैज जिंकेल. परंतु एक प्राण वाचत असता, पैज कोण जिंकतो याच्याशी मला काय करायचे आहे?'

नगारा वाजला. सात घोडे उसळले. काही अंतर गेल्यावर पांडुकर्ण मार्गाच्या कडेला सरकला, सहाही घोड्यांना त्याने पुढे जाऊ दिले, आणि मग तो न धावता नुसता चालू लागला.

प्रथम कोणाचा विश्वास बसेना. नंतर मैदानावर कोलाहल माजला. ज्यांनी जयाची पैज लावली होती ते शिव्या देऊ लागले. एकाने ढेकूळ फेकले. ते पांडुकर्णाच्या डोळ्याखाली लागले. चित्ररथाला लाजेने काही सुचेना. त्याने टाच मारली, नंतर चाबूक काढला. बोधिसत्त्वाच्या पाठीवर वळ उमटले, तरी त्याने पाऊल वाढविले नाही. हा तरुण मला मारीत आहे, कारण याला कापलेला पदर दिसत नाही, असे जाणून त्याने मनात राग येऊ दिला नाही.

नंदिसेन दोर धरून उभा होता. शेजारच्या माणसाने त्याच्या पाठीवर थाप मारून त्याचे अभिनंदन केले. त्याला ते ऐकू आले नाही. तो फक्त पांडुकर्णाच्या पोटाखाली पाहत होता.

खांबापाशी पोचेपर्यंत पुढचे घोडे वळून कधीच दूर गेले होते. चित्ररथाने सगळा भार डाव्या बाजूला टाकून शेवटचा चाबूक उगारला, त्याच क्षणी तंग तुटला. खोगीर घसरले, आणि तो हळूच मातीवर गुडघ्यांवर आला. पांडुकर्ण तिथेच स्तब्ध उभा राहिला. त्याने एक खूरही हलविला नाही.

चित्ररथाने तुटलेला पट्टा उचलला. बाहेरचा पदर फाटला होता. आतला सरळ रेषेत कापलेला होता. त्याने त्या रेषेवरून बोट फिरवले. नंतर त्याने घोड्याच्या पाठीवरचे वळ पाहिले, आणि चाबूक नदीत फेकून दिला.

पट्टा राजापुढे नेण्यात आला. साजशाळेतील कारागिरांना बांधून आणा, अशी आज्ञा राजाने दिली. तेव्हा नंदिसेन दोराखालून वाकून मैदानात आला आणि हात जोडून म्हणाला, "महाराज, ते निरपराध आहेत. तंग मी कापला."

राजाने त्याला बंदीत टाकले. त्याच संध्याकाळी नियमाप्रमाणे पांडुकर्णाला चुनाभट्टीवर पाठविण्यात आले, कारण शर्यतीत तो न धावता चालला होता आणि नियमात कारण विचारण्याची सोय नव्हती. ज्यांनी पराजयाची पैज लावली होती ते व्यापारी आपला लाभ मागू लागले. ज्यांनी जयाची लावली होती ते आपले द्रव्य परत मागू लागले. राजाला निर्णय करता येईना.

बंदिगृहात रेवा पित्याला भेटावयास गेली. ती रडली नाही. चित्ररथ बाहेरच उभा राहिला होता.

"बाबा, तंग कापलात हे मी एक वेळ समजू शकते," ती म्हणाली. "पण त्यांचे नाव निघाल्यावर तरी बोलायचे होते. मी तुमच्याजवळच उभी होते."

"मला भीती वाटली," नंदिसेन म्हणाला.

ती उठून बाहेर चित्ररथाकडे गेली.

पुढे निर्णयाच्या दिवशी राजाने पांडुकर्णाला सभेसमोर आणविले. चुन्याने त्याच्या पाठीवरच्या जखमा चिघळल्या होत्या आणि गोण्यांच्या भाराने त्याचा एक खांदा उतरला होता. बोधिसत्त्वाने तेथे मनुष्यवाणीने सर्व वृत्तान्त सांगितला. तंग कापलेला असल्याचे आपल्याला आधीच कळले होते आणि म्हणून आपण चाललो, हे ऐकून सभेत कोणी कोणाकडे पाहीना.

एक वृद्ध अमात्य व्यापाऱ्यांच्या बाजूने बोलण्यास उठला. घोडा दुबळा आहे हे जो ओळखतो आणि तसे उघडपणे सांगतो, त्याच्या माथी कोणता अपराध येतो, असे त्याने विचारले. लबाडी एकाने केली म्हणून पराजयाची पैजच वाईट कशी ठरते, हेही त्याला कळेना.

बोधिसत्त्व म्हणाला, "आर्य, ओळखणे हा अपराध नाही. माझा पाय दुखावला आहे असे जो सांगतो तो माझा मित्र आहे. पण ज्याचे घरदार माझ्या दुखावलेल्या पायावर टेकले आहे, त्याला माझा धड पाय बघवणार नाही. तो मला सुरी लावील किंवा लावणार नाही. परंतु मी अडखळलो तर त्याला बरे वाटेल. तुम्ही वर्षानुवर्षे अर्ध्या नगराला असे बरे वाटून घ्यायला शिकविलेत. मग उरलेले अर्धे नगर भीत राहिले."

राजाने मान खाली घातली. कोशातला वाटा त्याला आठवला. मग त्याने विचारले, "आणि या मनुष्याला काय शासन करू?"

"महाराज, शलाका निघाल्यापासून तंग तुटेपर्यंत हा मनुष्य सुळावरच होता. तेथून तो स्वतः उतरला आणि तुमच्यापुढे येऊन खरे बोलला. त्याला पुन्हा चढवून तुम्ही काय मिळविणार?"

राजाने पराजयाची पैज आपल्या राज्यात कायमची बंद केली, आणि त्या शर्यतीच्या साऱ्या पैजा रद्द ठरविल्या. नंदिसेनाचे अधिकारपद काढून घेऊन त्याला प्राणदान दिले. चित्ररथ सासऱ्याला घरी घेऊन गेला. वाटेत तो पुढे पुढे चालत होता. परंतु घाटाच्या चढणीवर म्हाताऱ्याचा पाय लटपटला, तेव्हा त्याने त्याचा हात धरला. पांडुकर्णाचा लगाम राजाने आपल्या हातांनी उतरविला.

जेतवन विहारात ही कथा सांगून झाल्यावर भगवान शास्त्यांनी समोर बसलेल्या एका भिक्षूकडे पाहिले. नव्याने दीक्षा घेतलेल्यांपैकी कोण पावसाळ्यातील वर्षावास पुरा न करता चीवर टाकून घरी परत जाईल, याचे भाकीत तो भिक्षू करीत असे, आणि ते खरे ठरले की मनातून सुखावत असे. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा नंदिसेन म्हणजे हा भिक्षू. चित्ररथ म्हणजे तो तरुण, ज्याच्या जाण्याची हा या वर्षी वाट पाहत आहे. रेवा म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा, राजा सुतेज म्हणजे आनंद, आणि पांडुकर्ण घोडा म्हणजे मीच होतो." या कथेत सांगितलेला गुण करुणा हा होय, जी करुणा आपल्यास चाबूक मारणाऱ्याचाही तोल सांभाळते, ती.

पोतन नगरातील या प्रकरणाचा निकाल लागला, तो दिवस मार्गशीर्ष शुद्ध द्वितीयेचा होता.