घासलेले घटिकापात्र

फार पूर्वी तगर नगरावर सुयाम राजाचे राज्य असताना बोधिसत्त्वाने एका पारख्याच्या घरात जन्म घेतला होता. त्या जन्मी त्याचे नाव सुनेत्र. नगरातले श्रीमंत लोक जुनी घटिकापात्रे जमवीत, आणि ती पारखून बोलीवर विकून देणे हा सुनेत्राचा व्यवसाय होता.

घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती ठेवली की छिद्रातून पाणी हळूहळू आत चढते. वाटी भरली की बुडते, आणि एक घटिका सरली असे समजायचे. लग्नाचा मुहूर्त अशाच वाटीवर साधत, हे आपण ऐकलेलेच आहे. तगरच्या श्रेष्ठींना मात्र वेळ मोजायची नव्हती. मेघिय नावाचा एक थोर कारागीर कधीकाळी होऊन गेला होता. त्याच्या हातची वाटी आपल्या माडीवर असावी आणि शेजाऱ्याच्या माडीवर नसावी, एवढेच त्यांना हवे असे.

अशा जुन्या पात्रावर वर्षानुवर्षे पाण्यात राहून काळसर हिरवी झाक धरते. ती झाक हीच त्याच्या वयाची साक्ष. झाक अखंड असली तर भाव चढे. पात्र कुणी घासलेले दिसले की श्रेष्ठी नाक मुरडून उठून जात.

सुनेत्राच्या पेढीची एक रीत होती. बोली सुरू झाली की तो स्वतःचे पात्र पाण्यावर ठेवी. ते बुडून तळाला टेकले की बोली बंद, आणि शेवटचा आकडा ज्याचा, वस्तू त्याची. ते पात्रही मेघियाच्याच हातचे होते, सुनेत्राच्या आजोबांपासून घरात आलेले. त्याच्या आतल्या बाजूला पाणी किती चढले ते दाखवणाऱ्या रेषा कोरलेल्या होत्या. नेहमीची गिऱ्हाइके त्या रेषा इतक्या ओळखून होती की पाणी शेवटच्या रेषेला लागेपर्यंत कुणी तोंड उघडत नसे. आधी बोलले तर हौस कळते, आणि हौस कळली की दुसरा भाव चढवतो, असे त्यांचे गणित.

एके दिवशी उत्पला नावाची एक तरुण बाई कापडात गुंडाळलेले वडिलोपार्जित घटिकापात्र घेऊन पेढीवर आली. तिचा नवरा सोमिल व्यापाऱ्यांच्या तांड्यांना रानातून वाट दाखवण्याचे काम करी. त्याला चोरांनी धरले होते. पौर्णिमेचा चंद्र उगवायच्या आत चांदीचे हजार कार्षापण रानाच्या तोंडाशी पोचले नाहीत तर माणूस जिवंत मिळणार नाही, असा त्यांचा निरोप होता.

सुनेत्राने पात्र उजेडाकडे धरून पाहिले. मेघियाची खूण होती, झाक सगळीकडे सारखी होती.

"दादा, हजार येतील का?"

"येतील, बाई. जास्तच येतील. सगळे श्रेष्ठी पौर्णिमेला एकत्र जमतात, तेव्हा दुपारी बोली लावतो. इथून रान काही लांब नाही."

नवरा धरला गेल्यापासून उत्पलेने प्रथमच मोकळा श्वास घेतला. पात्र तिने सुनेत्राच्या घरी ठेवले आणि ती तिथेच पेढीच्या ओसरीवर राहू लागली. तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे.

सुनेत्राची पत्नी नंदोत्तरा मोठी व्रतस्थ होती. पौर्णिमेचा उपोसथ, म्हणजे उपासाचे व्रत, तिने कधी मोडला नव्हता. त्या दिवशी उत्पलेसाठी उपास करायचा, असा तिने संकल्प केला, आणि उपोसथाच्या आदल्या दिवशी नेहमीप्रमाणे घरातली सगळी तांब्याची भांडी काढली. फळीवर उत्पलेचे पात्र होते. काळे पडलेले, तळाला क्षाराचा पांढरा थर धरलेले. तिच्या मनात आले, या बिचारीच्या भांड्याला कित्येक वर्षांत कुणाचा हात लागलेला नाही. असे भांडे पाहून कोण हजार देईल? तिने चिंच भिजवली, राख घेतली, आणि मनातल्या मनात सोमिलच्या सुटकेची प्रार्थना करीत ते आतून बाहेरून लख्ख घासले. छिद्रात अडकलेला क्षारही तिने काडीने टोकरून काढला. बायांनो, तिला नावे ठेवू नका. आपल्यापैकी कुणीही हेच केले असते. नवऱ्याच्या व्यवसायातले तिला फारसे ठाऊक नव्हते, आणि भांडे चकचकीत हवे हे मात्र लहानपणापासून ठाऊक होते.

पौर्णिमेच्या सकाळी ती पात्र घेऊन हसतमुखाने बाहेर आली.

"अहो, बघा तरी! सोन्यासारखं दिसतंय की नाही?"

सुनेत्र बघतच राहिला. त्याने घंगाळात पाणी घेऊन पात्र वर ठेवले. छिद्र मोकळे झाले होते, पाणी भराभरा आत आले, आणि घटिकेच्या कितीतरी आधी पात्र डुबकन गेले. पुन्हा ठेवले तर वेगळ्याच वेळी बुडाले. तळाचा क्षाराचा थर निघाल्यामुळे त्याचा तोल गेला होता. पात्र कधी इकडे कलंडे, कधी तिकडे. मेघियाने आत कोरलेल्या रेषाही पुसट झाल्या होत्या.

नंदोत्तरा घंगाळाशी आली. "काय झालं? अहो, बोला ना. मी काही चुकीचं केलं का?"

सुनेत्राने तिला हळूच समजावून सांगितले. ओसरीवरून उत्पलेने सगळे ऐकले होते. ती आत आली, चमकणाऱ्या पात्राकडे पाहिले, आणि म्हणाली, "ताई, माझा नवरा घासून टाकलात तुम्ही."

नंदोत्तरा रडू लागली. "मी तुझ्यासाठीच केलं गं."

बाहेर ऊन चढत होते. मग उत्पलेने डोळे पुसले आणि ती सुनेत्राच्या पायाशी बसली.

"दादा, तांबट गंधकाची धुरी देऊन भांडं काळं करतात, मी पाहिलंय. दुपारपर्यंत होईल. तुम्ही जुनं म्हणालात की सगळे जुनं म्हणतील. कुणाला कळणार आहे?"

"खरंच, अहो," नंदोत्तरा म्हणाली, "एका जिवाचा प्रश्न आहे. श्रेष्ठींच्या माडीवर आणखी एक भांडं जाऊन बसेल, एवढंच. त्यांचं काय बिघडणार?"

सुनेत्राने पात्र हातात घेतले. आपल्या मनातही तोच विचार येऊन गेला, हे त्याने लपवले नाही. हजार कार्षापण त्याच्याजवळ नव्हते. घरातले किडूकमिडूक विकले असते तरी निम्मे जमले नसते, आणि सूर्य कुणासाठी थांबत नव्हता.

"मला पात्र देताना लोक डोळे झाकून देतात," तो शेवटी म्हणाला. "तूही तसंच दिलंस, उत्पले. आज तुझ्यासाठी खोटं बोललो, तर तू माझ्यावर ठेवलेला विश्वासही खोटाच होता असं होईल. ते माझ्याकडून होणार नाही. पण पात्र माझ्या घरात बिघडलं. तुझं नुकसान माझं आहे. आज बोलीला माझं पात्र लावतो. येतील ते पैसे तुझे."

"आजोबांचं पात्र?" नंदोत्तरा दचकली. "अहो, मग पेढी कशावर चालवायची?"

"तो विचार उद्या करू. आज चंद्र उगवायचा आहे."

दुपारी पेढी भरली. सर्वांत पुढे भद्रघोष श्रेष्ठी बसला होता. त्याच्या माडीवर मेघियाची पात्रे ओळीने मांडलेली होती, आणि तिथे आल्यापासून त्यातल्या एकालाही कधी पाणी लागले नव्हते. त्याच्या शेजारी पूर्णक श्रेष्ठी. दोघांचे दिवसभर एकमेकांवर लक्ष असे.

"काय भद्रघोष, काल झोप लागली का?" पूर्णकाने विचारले.

"मला लागली. तुमच्या माडीवर दिवा जळत होता म्हणे."

सुनेत्राने हात जोडले आणि झालेली गोष्ट जशीच्या तशी सांगितली. आज विकायचे पात्र घासले गेले आहे, ते विक्रीला नाही, त्याऐवजी पेढीचे पात्र आहे, हे ऐकताच सभेत कुजबुज झाली. भद्रघोष पुढे सरकून बसला. ज्या पात्राकडे त्याने आजवर नुसते पाहिले होते, ते आज मिळणार होते.

"रीतीप्रमाणे विक्रीची वस्तू पाण्यावर ठेवत नाहीत," सुनेत्र पुढे म्हणाला. "तुमच्यापैकी कुणाचं पात्र घेतलं तर दुसऱ्याला ते पटणार नाही. म्हणून पाण्यावर हे घासलेलंच ठेवतो. पण मंडळी, नीट ऐका. याचं छिद्र मोकळं झालंय. हे घटिकेच्या आतच बुडेल. कधी, ते मलाही सांगता येणार नाही. काठाला पाणी लागायची वाट पाहू नका."

"घाबरवता काय आम्हाला?" पूर्णक हसला. "बुडेल तेव्हा बुडेल."

सुनेत्राने पात्र पाण्यावर ठेवले.

सगळे गप्प. सवयच तशी होती. दाराआड उत्पला नंदोत्तरेचा हात धरून उभी होती, आणि दोघींची बोटे एकमेकींत रुतली होती. कुणी बोललेच नाही आणि पात्र बुडाले, तर रीतीप्रमाणे बोली संपली. पुन्हा लावायची तर दुसरा दिवस उजाडायला हवा होता. नंदोत्तरेच्या ओठांवर पूर्वीच्या बुद्धांची नावे होती.

पात्र एका बाजूला कलंडले. आत पाणी गुडगुडले. भद्रघोषाने मान उंच करून रेषा शोधली, पण रेषा दिसेना. त्याच्या कपाळावर घाम आला. पात्र सावरले, पुन्हा कलंडले.

"शंभर!" तो ओरडला. ओरडल्यावर स्वतःच दचकला. त्याने इतक्या लवकर कधी तोंड उघडले नव्हते.

"दोनशे," पूर्णक म्हणाला.

"अहो, हसत होतात ना मघाशी? पाचशे!"

"सातशे! आणि पाण्याकडे बघा, माझ्याकडे नको."

पात्र गर्रकन फिरले. आता बुडते की नंतर, कुणालाच सांगता येईना. राखून ठेवलेला आकडा पोटात घेऊन बसण्याची कुणाची छाती होईना. आठशे झाले, नऊशे झाले. पात्राचा एक काठ पाण्याला टेकला. उत्पलेने डोळे मिटले.

"चौदाशे!" भद्रघोष उभा राहून म्हणाला. त्या पात्रासाठी मनाशी ठरवलेला तो खराखुरा आकडा होता, आणि तो त्याने आजवर कुणाला सांगितला नव्हता.

पूर्णकाने तोंड उघडले. तेवढ्यात ठण्ण असा आवाज आला. पात्र तळाला टेकले होते.

पूर्णक तसाच तोंड उघडे ठेवून बसला. भद्रघोष खाली बसला आणि पाण्याकडे पाहत राहिला. "सुनेत्रा, फसवलंस मला."

"श्रेष्ठी, मी आधी सांगितलं होतं."

"सांगितलंस खरं." भद्रघोषाने घाम पुसला आणि त्याला हसू आले. "माझ्याशी इतकं खरं आजवर कुणी बोललं नव्हतं, आणि ते मला इतकं महागही कधी पडलं नव्हतं."

पैसे तिथल्या तिथे मिळाले. ते घेऊन सुनेत्र आणि उत्पला रानाकडे निघाले तेव्हा उन्हे कलली होती. नंदोत्तरा उंबऱ्यात बसून राहिली. पूर्वेकडे आभाळ उजळू लागले तसा तिचा जीव कासावीस झाला. चंद्राची कड दिसली. वाटेवर कुणी नव्हते. चंद्र झाडांच्या वर आला, तरी कुणी नव्हते. मग दूरवर तीन सावल्या दिसल्या. मधली लंगडत होती, आणि दोघांनी तिला दोन्हीकडून धरले होते. नंदोत्तरा उठली, पाणी घेऊन धावली, आणि सोमिलच्या पायांवर ते घालताना तिला रडू आवरेना. त्या दिवशी उपास सोडायचेच ती विसरली.

पुढे उत्पलेने घासलेले पात्र पेढीलाच दिले, आणि सुनेत्राने ते तसेच पाण्यावर ठेवणे चालू केले. ते कधी बुडेल हे कुणालाच कळत नसे. त्यामुळे वस्तूची खरी किंमत मनात दडवून बसण्याची श्रेष्ठींची सवय हळूहळू गेली, आणि लोक आपापला आकडा पहिल्यानेच सरळ सांगू लागले.

पुढे बुद्धांच्या काळी जेतवन विहारात एक भिक्षू भिक्षापात्रे जमवून ठेवी आणि कुणी ती नेईल या धास्तीने पिंडपाताला, म्हणजे भिक्षेलाही, जात नसे. शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, त्याला जवळ बसवून घेतले आणि ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "भिक्षू, तेव्हाचा भद्रघोष तू होतास. तेव्हाही तू पात्रांना पाणी लावत नव्हतास, आजही त्यांत अन्न पडू देत नाहीस. पूर्णक म्हणजे तुझ्या शेजारच्या कुटीतला भिक्षू. उत्पला आणि सोमिल ही या विहाराला रोज फुले आणून देणारी उपासक-उपासिका. नंदोत्तरा म्हणजे राहुलमाता. आणि खरे सांगून आपले पात्र देऊन टाकणारा सुनेत्र पारखी मीच होतो."

त्या दिवशी तो भिक्षू आपली पात्रे उचलून नव्या भिक्षूंच्या ओळीकडे गेला, ती त्यांना वाटून दिली आणि एकच हाती ठेवून भिक्षेला निघाला.

जीव टांगणीला लागलेला असतानाही जी ढळत नाही, ती ही सत्यपारमिता, सत्यव्रताची परिसीमा.